चुलीचा धूर मालदीवला कसा पोचतो?

घरी काजळ धरलेलं आठवतं का? तुपाचा दिवा लावायचा, दोन बाजूंना दोन वाट्या ठेवून त्यांच्यावर पितळी ताटली उपडी घालायची आणि निजायचं. सकाळी ताटलीच्या पोटाला काळी मखमल जमलेली असायची. ती बोटाने खरवडून, तुपात खलून डबीत भरायची. घरात बाळ आलं की आजीचं हे काम ठरलेलं.

आता एक प्रश्न विचारते. त्या रात्री दिव्यावर ताटली धरलीच नसती, तर ते काजळ कुठं गेलं असतं?

हाच प्रश्न मी मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत विचारला. कुणी म्हणालं भिंतीला लागलं असतं, कुणी म्हणालं आढ्याला. एक आजी म्हणाल्या, "जाईल वाऱ्यावर, आणखी कुठं?" आजींचं उत्तर बरोबर होतं. पण वाऱ्यावर म्हणजे किती लांब, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही नव्हतं. आजचा पाठ त्याच प्रवासाचा आहे. आपल्या चुलीपासून निघून, अरबी समुद्र ओलांडून, पार विषुववृत्तापर्यंत जाणाऱ्या काजळीचा.

धूर म्हणजे नेमकं काय

लाकूड पूर्ण जळलं तर त्याची वाफ होते, कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि मागे थोडी राख राहते. पण आपल्या चुलीत लाकूड कधीच पूर्ण जळत नाही. हवा कमी पडते, लाकूड ओलं असतं, चुलीचं तोंड अर्धं राखेने भरलेलं असतं. मग अर्धवट जळलेलं जे उरतं, ते धूर होऊन बाहेर पडतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो, डोळ्यांत पाणी आणणारी रसायनं असतात आणि काजळीचे बारीक कण असतात. चुलीची ज्वाळा पिवळी का दिसते, माहीत आहे? तापून लाल-पिवळे झालेले काजळीचे कणच आपल्याला ज्वाळा म्हणून दिसतात. गॅसची ज्वाळा निळी असते, कारण तिच्यात काजळी जवळजवळ नसते. म्हणून तर गॅसवरच्या पातेल्याचं बूड काळं होत नाही. आणि कधी झालंच, तर समजावं की बर्नर साफ करायला आला आहे.

धुरातली जाड राख अंगणात पडते, ती आपण झाडून टाकतो. खरी लांबची प्रवासी असते ती बारीक काजळी. सकाळी कौलाच्या फटीतून कवडसा पडतो, त्यात कण नाचताना दिसतात ना? ते जे डोळ्यांना दिसतात, ते जाड कण. ज्यांना शास्त्रज्ञ 'पीएम २.५' म्हणतात, ते इतके लहान असतात की आपल्या एका केसाच्या जाडीत वीस-पंचवीस शेजारी शेजारी बसतील. काजळीचा सुटा कण त्याहूनही लहान. इतक्या हलक्या वस्तूला खाली पडायची घाईच नसते. हवा जराशी वर चढली की तोही वर. पाऊस आला तरच तो थेंबाबरोबर खाली येतो. पाऊस नसेल तर आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, तो हवेतच असतो.

आता आठवडाभर हवेत राहणारी वस्तू किती लांब जाईल? हिशेब आपण बचत गटाच्या वहीत करतो तसाच करू. वारा ताशी १८ किलोमीटर धरू. हे काही वादळ नव्हे, साधी झुळूक. दिवसाचे तास २४. अठरा गुणिले चोवीस, म्हणजे ४३२ किलोमीटर. तीन दिवसांत जवळजवळ १३०० किलोमीटर, आठवड्यात ३००० किलोमीटर. कोकणच्या किनाऱ्यावरून सरळ दक्षिणेला १३०० किलोमीटर गेलं की मालदीवची बेटं लागतात. म्हणजे सोमवारी पेटवलेल्या चुलीची काजळी गुरुवारी तिथं.

वारा कुठून कुठं

खाडीपट्ट्यातल्या मैत्रिणींना हे समजावून सांगायची गरज नाही. मासळी सुकवायला घातली की वाऱ्याची दिशा आपोआप कळते. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. हे झालं रोजचं. वर्षाचंही तसंच असतं, फक्त फार मोठ्या मापाचं. जून ते सप्टेंबर वारा समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे नैऋत्य मोसमी वारा, आपला पाऊस. थंडीत तो उलटतो. डिसेंबर ते मार्च जमीन थंड, समुद्र ऊबदार, म्हणून उत्तरेकडची हवा खाली समुद्रावर उतरते. हिंदुस्थानच्या दोन्ही बाजूंनी, अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरूनही, ती विषुववृत्ताकडे सरकते.

याच महिन्यांत आपल्याकडे पाऊस नसतो. म्हणजे धुराला धुऊन काढणारं कुणी नाही. याच महिन्यांत हवा थंड असल्याने धूर फार वर जात नाही, जमिनीलगत साचतो. याच महिन्यांत शेकोट्या पेटतात, वीटभट्ट्या सुरू असतात, देशावर उसाचं पाचट जळतं आणि आपल्या कोकणात फेब्रुवारी-मार्चपासून राबाची भाजावळ सुरू होते. सगळं एकदम जुळून येतं. थंडीत समुद्रावर कधी नीट बघा. आभाळ निरभ्र असतं, ढगाचा पत्ता नसतो, तरी दुपारीही पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ती रेघ दिसत नाही. सगळे त्याला 'धुकं' म्हणतात. पण धुकं ऊन चढल्यावर विरतं. हे विरत नाही.

समुद्रावर धूर शोधायला गेलेली माणसं

हे 'न विरणारं धुकं' काय आहे, ते बघायला १९९९ साली जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत जगभरातले दोनशेहून जास्त शास्त्रज्ञ हिंदी महासागरावर उतरले. या मोहिमेचं नाव 'इंडोएक्स'. तिच्या पुढाऱ्यांपैकी एक होते तमिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे वीरभद्रन रामनाथन. दुसरे पॉल क्रुटझेन, ज्यांना ओझोनच्या कामासाठी १९९५ साली नोबेल मिळालं होतं. आपल्या देशाकडून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले ए. पी. मित्रा होते. आपलं 'सागर कन्या' हे संशोधन जहाज समुद्रात होतं, अमेरिकेचं जहाज होतं, विमानं होती. मुक्काम मालदीवला. तिथल्या काशिधू नावाच्या छोट्या बेटावर आधीच हवा मोजायचं केंद्र उभारलं होतं.

त्यांना वाटलं होतं समुद्राच्या मधोमध हवा स्वच्छ असेल, किनाऱ्याजवळ थोडी मळकी. निघालं भलतंच. दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांपासून थेट विषुववृत्ताच्या पलीकडेपर्यंत, सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरवर तपकिरी मळभ पसरलेलं होतं. एक कोटी म्हणजे किती? आपला अख्खा भारत तीनदा मांडावा लागेल. काही ठिकाणी त्याची उंची पाण्यापासून तीन किलोमीटरपर्यंत होती. त्यात कोळशाच्या आणि डिझेलच्या धुरातून तयार झालेले गंधकाचे कण होते, लाकूड-गवत जळण्यातून आलेले कण होते, धूळ होती आणि काजळी होती. काजळीचा वाटा वजनाने दहा टक्क्यांहून थोडासाच जास्त, पण सगळा रंग तिचाच. चहात पावडर किती घालतो आपण? चमचाभर. पण पातेलंभर पाणी तिच्या रंगाचं होतं.

विषुववृत्ताच्या जरा खाली हे मळभ एकदम थांबतं. तिथं उत्तरेकडची हवा आणि दक्षिणेकडची हवा समोरासमोर भेटतात, हवा वर चढते, ढग होतात आणि धो धो पाऊस पडतो. त्या पावसाच्या पडद्यापलीकडे स्वच्छ दक्षिणेची हवा. मला ही गोष्ट फार आवडते. एवढ्या मोठ्या धुराला अडवणारी भिंत कसली, तर पावसाची.

हवेचा हा प्रवास फक्त आपल्याच समुद्रावर होतो असं नाही. आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाची धूळ अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलात पडते. उपग्रहाने केलेल्या हिशेबात दरवर्षी त्या धुळीबरोबर सुमारे २२ हजार टन स्फुरद तिथं पोचतं असं निघालं. स्फुरद म्हणजे तेच, जे आपण खताच्या गोणीवर वाचतो. म्हणजे जंगलाला फुकटचं खत, समुद्रापलीकडून. आणि उलटी गोष्टही आपण पाहिली आहे. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्रावरून गुजरात आणि मुंबईवर आली. मुंबई-पुण्याला गाड्यांवर पांढुरका थर बसला होता. माझ्या पुण्याच्या भाचीने फोटो पाठवला, तिला वाटलं जवळ कुठं इमारत पाडली. तेव्हा वारा कुणाचंही सामान कुणाच्याही दारात टाकतो.

पण हा धूर नेमका कुणाचा?

आता खरा मुद्दा येतो. आणि इथं, मैत्रिणींनो, नीट लक्ष द्या, कारण यात आपलं नाव आलं आहे.

समुद्रावरच्या मळभात काजळी आहे हे कळलं. पण काजळी बोलत नाही. ती मुंबईच्या ट्रकची की रत्नागिरीच्या चुलीची, हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही, दोन्ही काळ्याच. काही शास्त्रज्ञ म्हणायचे बहुतेक सगळी गाड्या आणि कारखान्यांची, काही म्हणायचे नाही, चुलींची आणि शेत जाळण्याची.

मुंबईच्या आयआयटीतल्या चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी प्रयोगशाळेत चूलच पेटवली. लाकूड, शेणी, पिकाचे अवशेष वेगवेगळे जाळून प्रत्येकातून किती काजळी निघते ते मोजलं आणि देशात घराघरांत किती जळण जळतं त्याच्याशी गुणलं. २००५ साली त्यांनी सांगितलं की भारताच्या काजळीत सर्वांत मोठा वाटा स्वयंपाकाच्या जळणाचा आहे.

मग आला सिंहगडाचा प्रयोग. हो, आपलाच सिंहगड, पुण्याजवळचा, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. २००६ च्या थंडीत स्वीडनच्या स्टॉकहोम विद्यापीठातले ऑर्यन गुस्ताफसन आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतली मंडळी यांनी गडावर हवा गाळून काजळी गोळा केली. त्याच वेळी मालदीवच्या हनिमाधू बेटावरही गोळा केली. नकाशात बघा, सिंहगड आणि हनिमाधू जवळजवळ एकाच उभ्या रेषेत आहेत, मध्ये सुमारे १३०० किलोमीटर.

त्यांनी काजळीचं वय तपासलं. ते कसं, तर झाड हवेतून कार्बन घेतं. हवेतल्या कार्बनमध्ये 'कार्बन १४' नावाचा एक प्रकार अगदी थोडासा असतो, तो झाडातही येतो. झाड मेलं की तो हळूहळू घटत जातो, सुमारे ५७०० वर्षांत निम्मा होतो. दगडी कोळसा आणि खनिज तेल जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडलेलं, म्हणून त्यात कार्बन १४ अजिबात उरलेला नाही. पण आपल्या चुलीतलं लाकूड कालपरवापर्यंत झाड होतं, गोवरी महिन्यापूर्वी गवत होती. त्यात कार्बन १४ भरपूर. तेव्हा काजळीत कार्बन १४ किती आहे ते मोजलं की डिझेल-कोळशाची किती आणि लाकूड-शेणाची किती, ते कळतं. इथं खोटं बोलायला वावच नाही.

२००९ मध्ये उत्तर आलं. गडावरही आणि मालदीवलाही, धुरातल्या कार्बनच्या कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश लाकूड, शेण, पालापाचोळा अशा जळणातून आलेले होते. शुद्ध काजळीचा आकडा मोजायच्या पद्धतीप्रमाणे निम्मा ते दोन तृतीयांश. म्हणजे रुपयात दहा आणे चूल आणि शेत, उरलेले गाड्या, कारखाने, वीजकेंद्रं.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला. माझ्या आईने जन्मात विडी ओढली नाही. तिला दम लागायला लागला म्हणून शहरातल्या दवाखान्यात नेलं, तर तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, विडी ओढता का? ती म्हणाली, "विडी नाही, चूल ओढते." आयुष्यभर जिच्या छातीत तो धूर गेला, त्याच बाईला आता सांगायचं की समुद्रावरचा धूरही तुझाच? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं गेली. ती माणसं कोण, हे सांगायला नको.

हा वाद मोठ्या लोकांतही झाला. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने या मळभावर अहवाल काढला आणि त्याला 'आशियाई तपकिरी ढग' म्हटलं. आपल्या शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जे. श्रीनिवासन आणि मूळच्या पुण्याच्या, मान्सूनच्या मोठ्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ यांनी लिहिलं की हे मळभ बारमाही नाही, थंडीच्या महिन्यांत येतं आणि पावसाळ्यात धुऊन निघतं. त्याचा मान्सूनवर अमुकच परिणाम होतो असं इतक्या लवकर ठोकून सांगणं बरं नाही. पुढे नावातला 'आशियाई' शब्द गेला. ते योग्यच झालं, असा धूर आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेतही होतो.

माझं मत विचाराल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. धूर कुठून निघाला ही एक गोष्ट, ती मोजता येते आणि ती मान्य करावी. दोष कुणाचा ही दुसरी गोष्ट. ज्या बाईला दुसरं जळण परवडत नाही, तिचा दोष काढणं म्हणजे कर्ज न मिळालेल्या बाईला थकबाकीदार म्हणण्यासारखं आहे. आणि हेही ध्यानात असू द्या की पृथ्वी तापवणारा मुख्य वायू, कार्बन डायऑक्साइड, शेकडो वर्षं हवेत राहतो आणि तो जास्त करून कोळसा-तेल जाळण्यातून आलेला आहे. तो आपल्या चुलींच्या नावावर टाकता येत नाही.

मळभ आलं तर बिघडतं काय

एक तर ऊन कमी होतं. इंडोएक्सच्या वेळी मळभाखाली समुद्रावर पोचणारं ऊन सुमारे दहा टक्क्यांनी घटलेलं आढळलं. काजळी ऊन वरच्या वर पिऊन टाकते. काळी छत्री उन्हात कशी तापते, तसंच. वरची हवा तापते, खालचं पाणी मात्र थंड राहतं. पाणी कमी तापलं तर वाफ कमी, आणि वाफ म्हणजेच पावसाचा कच्चा माल. यावरून रामनाथन यांच्या गटाने २००५ मध्ये मांडलं की अशा मळभाने आपला मान्सून दुबळा होऊ शकतो. किती, यावर अजून अभ्यास चालू आहे, गाडगीळबाईंची सावधगिरी इथं आठवावी. २००६ मध्ये भातावरचा एक अभ्यास आला, त्यात मळभ आणि तापमानवाढ या दोन्हींनी मिळून देशातलं भाताचं उत्पादन जेवढं वाढायला हवं होतं तेवढं वाढलं नाही असा निष्कर्ष होता. आपण भात लावणाऱ्या बाया, आपल्याला हे वाचून चुळबूळ होणारच.

काजळी हिमालयाच्या बर्फावर बसली की पांढरं बर्फ मळकं होतं, ऊन जास्त शोषतं आणि लवकर वितळतं. ते आपल्यापासून लांब आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

या सगळ्यात एक चांगली बातमी दडलेली आहे. कार्बन डायऑक्साइड आज थांबवला तरी आधीचा शेकडो वर्षं राहणार. काजळीचं तसं नाही. ती आठवड्यात पडून जाते. चूल आज बदलली तर पुढच्या महिन्यात हवा बदललेली असते, आणि स्वयंपाकघरातली तर त्याच संध्याकाळी.

मग करायचं काय

धुराडं बसवलं की काम झालं असं पुष्कळ जणींना वाटतं. धुराडं जरूर बसवा, छातीत जाणारा धूर त्याने कमी होतो. पण धुराडं धूर संपवत नाही, तो कौलावरून बाहेर काढून देतं, आणि पुढचा रस्ता आता तुम्हाला माहीत आहे. धूर कमी करायचा तर जळण नीट जळलं पाहिजे. पावसाळ्याआधी लाकूड फोडून, रचून, झाकून ठेवलं तर वर्षभर कोरडं मिळतं. जाड ओंडक्यापेक्षा मनगटाएवढी फोड बरी. चुलीतली राख रोज काढायची, म्हणजे खालून हवा लागते. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी मात्र कधीच नको, पेटते लवकर पण तिचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट.

गॅसचं बोलू. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी शेगडी आली. प्रश्न शेगडीचा नाही, दुसऱ्या सिलिंडरचा आहे. रिकामी टाकी कोपऱ्यात आणि चूल पुन्हा पेटलेली, हे चित्र मी दर महिन्याला गृहभेटीत बघते. आमच्या काही गटांनी रिफिलसाठी छोटं अंतर्गत कर्ज द्यायला सुरुवात केली, दोन-तीन हप्त्यांत फेडायचं. त्यावर आमच्या संघात वाद झाला. काही जणी म्हणाल्या, हा खाऊन टाकायचा खर्च, यातून उत्पन्न काय? मी त्यांना म्हटलं, ज्या बाईचा लाकडाला जाणारा दिवस वाचतो, तिला तो दिवस मजुरीला मिळतो की नाही, ते तुमच्याच वहीत लिहून बघा. वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या गटात काय होतं, ते जरूर कळवा.

ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. शेण जळत नाही, त्याचा गॅस जळतो, आणि मळी शेताला मिळते. शेणी थापून जाळल्या की खत गेलं ते गेलंच.

आता भाजावळ. इथं मला जपून लिहावं लागेल, कारण माझ्या सासूबाई हा अंक वाचतात. राब भाजण्यामागे अक्कल आहे. तणाचं बी जळतं, किडी मरतात, राखेतून पालाश मिळतं, रोप जोमदार येतं. पण एक गुंठा राबासाठी किती कवळ तोडावं लागतं आणि किती शेण-पाला जाळावा लागतो ते आठवा. गादीवाफा करून, त्यात कुजलेलं शेणखत घालून, वेळेवर तण काढलं तर न भाजताही रोप येतं, कृषी खात्याच्या ताया हे करून दाखवतात. यंदा सगळा राब बदलू नका. एक वाफा भाजलेला आणि एक न भाजलेला शेजारी शेजारी करा आणि रोप उपटायच्या वेळी दोन्हींची मुळं धुऊन बघा. सासूबाईंनी एवढ्यावर होकार दिला आहे.

पुढच्या बैठकीसाठी काम

प्रत्येक गटाने तीन पांढऱ्या ताटल्या घ्यायच्या. स्टीलची नको, चिनी मातीची किंवा पांढरी प्लास्टिकची चालेल. तिन्हींना खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. एक चुलीपासून दोन हातांवर, स्वयंपाक करताना आपलं नाक असतं तेवढ्या उंचीवर टांगायची. दुसरी ज्या घरी फक्त गॅसवर स्वयंपाक होतो तिथं, तशीच. तिसरी घराबाहेर, मागच्या पडवीत, पण रस्त्याच्या बाजूला नको, नाहीतर सगळी धूळच दिसेल. तीन दिवस तशाच ठेवायच्या. मग पांढऱ्या कापसाच्या बोळ्याने प्रत्येक ताटली एकदाच पुसायची आणि तिन्ही बोळे वेगवेगळ्या कागदांवर चिकटवून खाली लिहायचं: कुणाचं घर, कोणतं जळण, दिवसातून किती वेळ चूल पेटली.

कागद घेऊन बैठकीला या. आणि या दोन प्रश्नांवर आधी घरी बोलून या. आपल्या घरी सिलिंडर संपल्यावर पुढचा किती दिवसांनी येतो, आणि तो कधी आणायचा हे घरात कोण ठरवतं? दुसरा प्रश्न वाचून गेल्या वेळी एका ताईंचे यजमान हसले होते. त्यांनाही घेऊन या, ताटल्या टांगायला उंच माणूस लागतोच.